आरओ आणि डिस्टिल्ड: श्रिम्पच्या टाकीत तांबं येतं कुठून?

चेरी श्रिम्प (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी) पाळायचे म्हटलं की 'शुद्ध पाणी घाला' हा सल्ला हमखास मिळतो. मग कुणी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी भरतं, कुणी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणतं. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्रावर, आकडा कमी दिसला की दोन्ही पाणी सारखंच, असं आपण धरून चालतो. तांब्याच्या बाबतीत हे गृहीतक श्रिम्पच्या जिवावर बेततं, कारण थोडंसं तांबंही त्यांना विषारी असतं.

डिस्टिल्डचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. पाणी उकळतं, वाफ थंड होते, धातू भांड्यातच राहतात. धोका असतो तो वाफ थंड करणाऱ्या नळीत. ती काचेची किंवा स्टीलची असेल तर प्रश्न नाही. तांब्याची असेल तर शुद्ध झालेलं पाणीच तिला खातं. अशा पाण्यात क्षार नसतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी होतं. शिवाय बॅटरीसाठी मिळणारं बरंचसं पाणी उकळलेलं नसतंच, रेझिनमधून, म्हणजे क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांमधून, गाळून क्षारमुक्त केलेलं असतं.

आरओत पाणी दाबाने मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, जातं आणि चांगलं मेम्ब्रेन बहुतेक सगळं तांबं अडवतं. घोळ होतो तो त्याच्या पुढे. घरगुती यंत्राचं झाकण उघडून पाहा: मेम्ब्रेनमधून निघालेली बारीक प्लास्टिकची नळी बऱ्याच यंत्रांत टीडीएस कंट्रोलरला जोडलेली असते. तिथे चवीसाठी मेम्ब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतं, आणि त्याबरोबर मूळ पाण्यातले धातूही. त्यात हल्ली 'कॉपर' कार्ट्रिजचं पेव फुटलंय. ते तर मुद्दाम तांबं सोडतं! त्या यंत्राचं पाणी श्रिम्पच्या टाकीत अजिबात घालू नका.

माणसाला चालतं ते श्रिम्पना का चालू नये? आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात ते साधारण ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्यासाठीसुद्धा श्रिम्प आणि गोगलगायी आधी दुसऱ्या टाकीत हलवाव्या लागतात. त्यात पाणी मऊ (कमी क्षारांचं) असेल तर तांबं जास्तच बाधतं, कारण कल्ल्यांवर त्याला रोखणारं कॅल्शियम कमी असतं. म्हणून शुद्ध पाण्यात श्रिम्पसाठीचे क्षार मिसळूनच ते टाकीत घालावं.

टीडीएस मीटर इथे काहीच सांगत नाही. तो पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि आकडा लिटरला एकेका मिलिग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. ०.२ मिलिग्रॅम तांबं त्याच्या खिजगणतीत नाही. तांब्याचं वेगळं टेस्ट किट घ्यायलाच हवं.

माझं मत विचाराल तर आरओच बरा, फक्त पाणी कंट्रोलर आणि कार्ट्रिजच्या आधी, थेट मेम्ब्रेनच्या नळीतून घ्या. वाटेत पितळी तोटी किंवा जोड नको. डिस्टिल्ड घ्यायचं तर विकणाऱ्याला नळी कशाची आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर किटने तपासल्याशिवाय वापरू नका. आणि टाकीतच तांबं सापडलं तर नुसतं पाणी बदलून भागत नाही. ते वाळूत आणि दगडांत धरून राहतं, पुढे हळूहळू सुटत राहतं. अशा वेळी फिल्टरमध्ये तांबं शोषणारं रेझिन घाला आणि वाळू बदला.