किरणोपचाराच्या दुष्परिणामांचे पेशी-चाचणीद्वारे पूर्वानुमान

रेडिएशन सुरू करण्याआधी कर्करुग्णाच्या निरोगी पेशींवर प्रयोगशाळेत किरण सोडून, पुढे त्याला कितपत त्रास होईल याचा अंदाज घेण्याच्या पद्धती. सारखाच डोस घेतलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीची लाल झालेली त्वचा काही आठवड्यांत पूर्ववत होते. दुसरीचा स्तन काही वर्षांनी कडक होऊन आक्रसतो. या उशिरा येणाऱ्या बदलाला फायब्रोसिस म्हणतात. तो सहसा मागे फिरत नाही, म्हणून अंदाजाची खरी गरज तिथेच आहे. गंभीर गुंतागुंत साधारण 5 टक्क्यांच्या आत राहावी अशा बेताने डोस ठरतो. म्हणजे मोजक्या नाजूक रुग्णांना जपण्यासाठी सर्वांच्याच डोसवर मर्यादा येते.

पायाभूत पद्धत पक आणि मार्कस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1956 मध्ये मांडली. सुट्या पेशी बशीत पेरून किरण द्यायचे, दोनेक आठवडे वाढू द्यायचे, रंगवायचे आणि किमान 50 पेशींच्या वसाहती मोजायच्या. 2 ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचे एकक) हा रोजच्या उपचारातला नेहमीचा डोस. तो दिल्यावर किती पेशी तगतात हे मुख्य मोजमाप. अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मिळ आनुवंशिक आजारातील रुग्णांच्या त्वचेतले फायब्रोब्लास्ट (तंतुमय ऊती तयार करणाऱ्या पेशी) किरणांना विलक्षण हळवे असतात, हे 1975 मध्ये दिसले. अशा रुग्णांना नेहमीचा डोस घातक ठरू शकतो. त्यामुळे इतर रुग्णांमधला लहानसहान फरकही बशीत पकडता येईल, अशी आशा वाढली.

ती पुरती फळली नाही. 1990 च्या दशकात काही छोट्या अभ्यासांत संबंध आढळला, नंतरच्या काहींत नाही. शिवाय त्वचेचा तुकडा घेऊन पेशी वाढवण्यात कित्येक आठवडे जात; कर्करुग्णाला तेवढी उसंत नसते. मूळ अडचण मात्र जीवशास्त्राची आहे. फायब्रोसिस केवळ पेशी मेल्याने होत नाही. रक्तवाहिन्यांची इजा, दाह, टीजीएफ-बीटासारख्या प्रथिनांचे तंतुमय ऊती वाढवणारे संदेश, किती भागावर किरण पडले, मधुमेह, धूम्रपान हे सगळे त्यात येते.

रक्तावरची चाचणी अधिक सोयीची आहे. फ्रान्समध्ये माँपेलिए येथील डेव्हिड अझ्रिया यांच्या गटाने ती पुढे नेली. रक्तातील सीडी8 लिम्फोसाइटना (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) 8 ग्रे देऊन 48 तासांनी त्यांपैकी किती पेशींचा ॲपॉप्टोसिस (पेशीचा स्वतःहून घडणारा मृत्यू) झाला, हे फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशी एकेक करून लेझरने तपासणाऱ्या तंत्राने, मोजतात. निकाल अपेक्षेच्या उलट लागतो: लिम्फोसाइट जास्त मेल्या, तर उशिराच्या त्रासाचा धोका कमी. दहा फ्रेंच केंद्रांतील 502 स्तनकर्करुग्णांच्या अभ्यासात (2015) हा संबंध दिसला. आकडा मोठा आला तर डॉक्टर बऱ्यापैकी निश्चिंत होऊ शकतो. लहान आला म्हणून त्रास होईलच असे म्हणता येत नाही, आणि केवळ त्यावरून एखाद्या स्त्रीचा उपचार आखडता घेणे अन्यायाचे ठरेल. प्रयोगशाळेगणिक मोजमाप बदलते, हीही अडचण आहे. किरणांनी तुटलेल्या डीएनएजवळ उमटणारे गॅमा-एच2एएक्स या प्रथिनाचे ठिपके आणि सूक्ष्मकेंद्रके (मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे) मोजण्याच्या चाचण्याही आहेत. 2009 पासून रेडिओजिनॉमिक्स कन्सॉर्शियम हा संशोधकांचा आंतरराष्ट्रीय गट जनुकांतल्या अशा त्रासाशी निगडित फरकांचा शोध घेत आहे.