वेगानं वाढणारा आणि थंडीतही तगणारा उंच कॅक्टस: संकरातून दोन्ही जमेल का?

सग्वारो म्हणजे वाळवंटाच्या चित्रात हात वर करून उभा दिसतो तो कॅक्टस, ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरन वाळवंटातला. तो बियातून उगवल्यावर पहिल्या ८ वर्षांत किती वाढतो माहितीये? जेमतेम २.५ ते ४ सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. पहिलं फूल यायला साधारण ३५ वर्षं लागतात, बाजूचे हात फुटायला ५० ते ७५, आणि सगळं नीट झालं तर तो १५०-२०० वर्षं जगतो आणि १२ मीटरच्याही वर जातो. एवढा थांबायचा धीर सगळ्यांकडे नसतो, त्यात एखादी कडाक्याची रात्र आली की १० वर्षांची मेहनत सकाळी काळी पडलेली दिसते. म्हणून कॅक्टस वाढवणाऱ्यांना कायम वाटत आलंय की उंच, खांबासारख्या वाढणाऱ्या या जातींचे एकमेकांत क्रॉस करून असं रोप मिळवावं जे झपाझप वाढेल आणि थंडीतही टिकेल.

इच्छा साधी आहे पण आत शिरलं की लक्षात येतं की या दोन मागण्या एकमेकींशी भांडतात, आणि काही बाबतीत एकमेकींना मदतही करतात. मला हा विषय आवडतो तो याच गुंत्यामुळे.

आधी हळू का वाढतो ते बघू. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात. कॅक्टसला दिवसा ते परवडत नाही, पाणी उडून जाईल, म्हणून तो रात्री रंध्रं उघडतो, मिळालेला कार्बन मॅलिक ॲसिडच्या रूपात पेशींमध्ये साठवतो आणि दिवसा दारं बंद करून उन्हाच्या जोरावर त्याची साखर करतो. सगळा दोष या पद्धतीला दिला जातो आणि ते मला पटत नाही, कारण हीच पद्धत वापरणारा फड्या निवडुंग पाणी आणि खत मिळालं तर शेतातल्या पिकांच्या तोडीचं उत्पादन देतो. खरी अडचण आकाराची आहे. फड्या निवडुंगाला पसरट, चपटे पंखे असतात, ऊन झेलायला भरपूर जागा. खांबासारखा कॅक्टस म्हणजे पाण्याची टाकी, आत गर खूप आणि हिरवी साल कमी, मग कमाई कमी आणि पोसायचं अंग मोठं. बियातून आलेलं रोप तर मण्याएवढं, त्याच्याकडे हिरवा भाग तो किती असणार! म्हणून सगळ्यात संथ काळ सुरुवातीचा असतो, एकदा हातभर उंच झालं की त्याच झाडाचा वेग पुष्कळ वाढतो.

आता थंडी. ॲरिझोनातल्या टुसॉन शहराजवळ टुमामॉक टेकडीवर १९०३ मध्ये वाळवंटातल्या वनस्पतींसाठी एक प्रयोगशाळा सुरू झाली, तिथे काम करणाऱ्या फॉरेस्ट श्रीव्ह यांनी १९११ मध्येच सग्वारो आणि गोठवणारी थंडी याबद्दल लिहून ठेवलंय, आणि त्यातली मोठी गोष्ट अशी की पारा किती खाली गेला यापेक्षा तो किती वेळ खाली राहिला हे महत्त्वाचं. रात्री शून्याखाली गेलं आणि सकाळी उन्हानं वर आलं तर सग्वारो निभावतो, पण मधला दिवसही गोठलेलाच गेला, म्हणजे सलग एक दिवस-रात्र शून्याच्या वर यायलाच मिळालं नाही, तर तो मरतो. कारण खांब जाड आहे, दिवसभराची ऊब धरून ठेवतो, हळूहळू गार होतो. पुढे पार्क नोबेल या संशोधकानं १९८० मध्ये सोनोरन वाळवंटातल्या उंच कॅक्टसांची तुलना केली आणि दाखवलं की सग्वारो बाकीच्यांपेक्षा जास्त उत्तरेला पोचतो त्यात त्याच्या जाडीचा आणि शेंड्यावर दाट बसलेल्या काट्यांचा मोठा वाटा आहे. वाढ शेंड्यातून होते, त्यामुळे तो थोडा जरी उबदार राहिला तरी झाड वाचतं. लहान सग्वारो पालो वर्दे किंवा मेस्कीटच्या झाडाखाली उगवलेले दिसतात त्याचंही एक कारण हेच, वरच्या फांद्या रात्रीची ऊब आभाळात निसटू देत नाहीत.

म्हणजे वेगानं वाढून लवकर जाड होणं हेच थंडीविरुद्धचं एक संरक्षण झालं. इथपर्यंत दोन्ही मागण्या एका बाजूला आहेत.

भांडण सुरू होतं पेशीच्या आत. बर्फ पेशीच्या बाहेरच्या फटींमध्ये झाला तर झाड बऱ्याचदा सोसतं, पेशीच्या आत झाला की ती पेशी गेलीच. थंडीला सरावलेले कॅक्टस काय करतात, तर दिवस लहान आणि रात्री गार व्हायला लागल्या की वाढ थांबवतात, पाणी कमी करतात, अंग सुरकुततं, पेशींमधली साखर वाढते. कॅनडाच्या पीस नदीच्या खोऱ्यापर्यंत पोचलेला ओपन्शिया फ्रॅजिलिस नावाचा बुटका निवडुंग हिवाळ्यात अगदी चिमून जमिनीला टेकतो, मेल्यासारखा दिसतो आणि वसंतात परत फुगतो. आता विचार करा, भराभर वाढणारं रोप म्हणजे पाण्यानं टम्म, कोवळं, पातळ सालीचं, आणि ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही वाढतच राहिलं तर पहिल्याच हिमरात्री शेंडा गेला. म्हणून माझं मत असं आहे की 'वेगवान अधिक काटक' असं रोप शोधण्यापेक्षा 'वेळेवर थांबणारं' रोप शोधावं. उन्हाळ्यात मनसोक्त वाढेल आणि थंडीच्या आधी स्वतःहून ब्रेक लावेल असं. दोन गुण एका वेळेला नाही, एका वर्षात पाठोपाठ.

मग आईबाप कोण? सग्वारो मनात असला तरी हात बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेकडे जातो, कारण ट्रायकोसेरियस गटातल्या जाती एकमेकींशी फार सहज जुळतात. इक्वेडोर-पेरूकडचा ट्रायकोसेरियस पॅकॅनॉय चांगल्या परिस्थितीत वर्षाला ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, उंच कॅक्टसांमध्ये ही घोडदौडच. दुसऱ्या टोकाला ट्रायकोसेरियस पासाकाना, अर्जेंटिना-बोलिव्हियातल्या उंच पठारावरचा. बोलिव्हियात सालार दे उयुनीच्या मिठाच्या मैदानात, साधारण ३६५० मीटर उंचीवर इंकावासी नावाचं बेट आहे, तिथले उंच कॅक्टस वर्षाला सेंटीमीटरभर वाढतात असं सांगतात, पण हिवाळ्यातली रोजची हिमरात्र त्यांना नेहमीचीच. अर्जेंटिनाचा ट्रायकोसेरियस टेर्शेकी हाही अंगानं सग्वारोच्या जवळ जाणारा भरभक्कम उमेदवार. शिवाय ओरिओसेरियस, पांढऱ्या लोकरीत गुंडाळल्यासारखा, आणि क्लायस्टोकॅक्टस स्ट्रॉसी, बारीक पण कोरड्या मातीत −१० अंशांच्या आसपास टिकणारा. कॅलिफोर्नियात हॅरी जॉन्सन यांनी याच कुळातल्या एकिनॉप्सिस आणि लोबिव्हियाचे संकर केले ते 'पॅरामाउंट हायब्रिड' म्हणून गाजले, आणि पुढे बॉब शिक यांचे संकर हंटिंग्टन बोटॅनिकल गार्डनमधून लोकांपर्यंत गेले. ते सगळं फुलांच्या रंगासाठी होतं, काटकपणासाठी नाही, पण या कुळात पराग किती मोकळेपणानं चालतात ते त्यातून कळतं.

एक सावधगिरी मात्र. अँडीजच्या उंच भागातला हिवाळा कोरडा असतो, पाऊस उन्हाळ्यात. तिथली थंडी म्हणजे रात्री कडक, दिवसा लख्ख ऊन. त्यामुळे तिथला कॅक्टस −१० सोसतो याचा अर्थ ओल्या मातीत तीन दिवस ढगाळ राहिलेलं −३ सोसेल असा होत नाही. आईबाप निवडताना फक्त आकडा बघितला तर नेमकी इथेच फसगत होते.

प्रत्यक्ष क्रॉस करणं अवघड नाही. यातली बरीचशी फुलं रात्री उमलतात, आणि पुष्कळ जाती स्वतःच्याच परागानं फळ धरत नाहीत, त्यामुळे नर-मादी वेगळं करायची कटकट कमी. तरी खात्री हवी तर फूल पूर्ण उमलायच्या आत परागकोश काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे कोरडे पराग ब्रशनं कुक्षीवर लावायचे आणि फुलावर कापडी पिशवी बांधायची म्हणजे पतंग आणि मधमाश्या मध्ये पडणार नाहीत. दोन झाडं वेगवेगळ्या महिन्यांत फुलत असतील तर पराग वाळवून सिलिका जेलसोबत घट्ट डबीत फ्रीजमध्ये ठेवतात. आणि डबीवर नाव आणि तारीख लिहा, अगदी लिहाच, कारण १० वर्षांनी रोप अप्रतिम निघालं आणि बाप कोण ते माहीत नसलं तर पुढचं कामच अडतं.

एका फळातून शेकडो बिया मिळतात आणि खरं काम तिथून सुरू होतं. पहिल्या पिढीत बऱ्याचदा संकराचा जोम दिसतो, रोपं दोन्ही पालकांपेक्षा तरतरीत. पण थंडी सोसायची ताकद एका जीनवर नसते, पुष्कळ जीन्स थोडा थोडा वाटा उचलतात, त्यामुळे त्या बाबतीत पहिली पिढी साधारण मधे कुठेतरी पडते. दोन्ही बाजूंचं उत्तम एकाच रोपात हवं तर पहिल्या पिढीतली भावंडं आपसात क्रॉस करून दुसरी पिढी काढावी लागते, तिथे पत्ते नव्यानं पिसले जातात आणि शेकड्यांत एखाद-दुसरं रोप हवं तसं निघतं. म्हणजे लागते ती जागा आणि बरीच वर्षं.

वर्षं वाचवायला कलम करतात. पेरेस्किऑप्सिस या पानं असलेल्या कॅक्टसवर काही आठवड्यांचं इवलंसं रोप बसवलं की ते महिन्यांत एवढं वाढतं जेवढं स्वतःच्या मुळांवर काही वर्षांत वाढलं असतं. इथे मोठा गैरसमज होतो, लोक कलमावरचा वेग बघून 'हे रोप वेगवान' म्हणून निवडतात. तो वेग खालच्या खुंटाचा आहे, रोपाच्या जीन्समध्ये काहीही बदललेलं नाही, आणि पेरेस्किऑप्सिस स्वतः थंडीला अगदी हळवा. कलम फुलापर्यंत लवकर पोचण्यासाठी वापरावं, पण वेग आणि काटकपणा तपासायचा तर रोप स्वतःच्या मुळांवरच हवं.

तपासायचं कसं हाही प्रश्नच आहे, कारण कॅक्टस मरायला वेळ घेतो. टुसॉनजवळच्या संरक्षित सग्वारो जंगलात जानेवारी १९३७ मध्ये जबर थंडी पडली. नंतर झाडं सडून कोसळायला लागली तेव्हा दोष जिवाणूंच्या रोगावर गेला, १९४० च्या दशकात रोगट झाडं तोडून पुरली, पेनिसिलिनसुद्धा वापरून बघितलं. पुढे वॉरन स्टीनबर्ग आणि चार्ल्स लो यांनी वर्षानुवर्षं तीच झाडं मोजत राहून दाखवलं की मूळ घाव थंडीचा होता, सडणं मागून आलं, आणि गोठल्याचा धक्का बसलेलं झाड काही वर्षं उभं राहून मग पडू शकतं. म्हणजे हिमरात्रीनंतरच्या सकाळी 'वाचलं' म्हणून खूण केलेलं रोप दोन वर्षांनी जाऊ शकतं, आणि तोवर आपण त्याची पुढची पिढीही काढलेली असते. यावर नोबेल यांच्या कामातली एक पद्धत कामाची आहे: सालीचा पातळ काप हळूहळू गार करायचा आणि मग न्यूट्रल रेड नावाचा रंग लावायचा, जिवंत पेशी रंग आत ओढतात, मेलेल्या ओढत नाहीत. अख्खं झाड पणाला न लावता तुलना करता येते, फक्त आधी रोपाला काही आठवडे हळूहळू गारव्याची सवय होऊ द्यावी, नाहीतर सगळीच सारखी मऊ निघतात.

निसर्गानंही हे प्रयोग केलेत. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात एल रोसारिओजवळ कार्डोन हा प्रचंड खांबासारखा कॅक्टस आणि बारीक, सोनेरी काट्यांचा, जमिनीलगत पसरणारा बर्गेरोकॅक्टस यांचा नैसर्गिक संकर सापडतो, पाचेरोकॅक्टस. एक पालक खांब, दुसरा झुडूप, आणि पोर बरोबर मधलं. दोन वेगळ्या वंशांतले कॅक्टस जुळतात याचा हा भक्कम पुरावा, आणि इशाराही, कारण महाकाय पालकाची भव्यता पोरात उतरलेली नाही. गुणसूत्रांचंही बघावं लागतं. कॅक्टसांत २२ गुणसूत्रं हा नेहमीचा हिशोब, कार्डोनमध्ये मात्र ४४. २२ आणि ४४ ची जोडी लावली तर पोर ३३ चं, म्हणजे बहुधा वांझ, तिथून पुढची पिढी नाही.

तरीही पुढची पिढी नसणं हा ट्रायकोसेरियसच्या बाबतीत शेवट नाही, कारण त्याचा तुकडा कापून, जखम काही आठवडे सुकवून मातीत उभा केला की मुळं धरतो. हजारात एकच रोप जमलं तरी त्याची हुबेहूब शेकडो झाडं होतात.

सग्वारोचं तसं नाही. त्याचा तोडलेला हात क्वचितच मुळं धरतो, आणि अँडीजमधल्या या जातींपासून तो इतका दूरचा नातेवाईक आहे की त्यांच्याशी क्रॉस जमणं जवळपास अशक्यच. त्याच्यासाठी मला संकरापेक्षा त्याच जातीतली निवड जास्त खरी वाटते. ॲरिझोनात ह्वालापाई पर्वताच्या भागात तो आपल्या उत्तरेच्या हद्दीला पोचतो, तिथे जी झाडं उभी आहेत त्यांनी कित्येक वाईट हिवाळे काढलेत. कायद्यानं संरक्षित झाड आहे, त्यामुळे रीतसर परवानगी काढून तिथलं बी आणायचं, दोन-तीन वेगळ्या टेकड्यांवरच्या झाडांची पोरं एकत्र वाढवायची, त्यातली शरद ऋतूत सगळ्यात आधी वाढ थांबवणारी बाजूला काढायची आणि त्यांची कलमं करून फुलापर्यंत न्यायची. कलमावर ३५ वर्षांतली बरीचशी वाचतील, पण त्या फुलांच्या बियांतून आलेली रोपं मात्र स्वतःच्या मुळांवरच वाढवायची, आणि ती ८ वर्षांनी अंगठ्याच्या पेरापेक्षा किती मोठी झाली ते मोजायचं.