सुटलेला चेंडू कोणाचा? एका नियमामागची पार्श्वभूमी

१९ जानेवारी २०१४. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, आधीचा सामना. शेवटच्या सत्रात गोलरेषेपासून जेमतेम यार्डभर अंतरावर सॅन फ्रान्सिस्कोच्या नवॉरो बोमनने सिएटलच्या जर्मेन कर्सच्या हातातला चेंडू हिसकावला आणि पडतापडता छातीशी कवटाळला. त्याच झटापटीत त्याचा डावा गुडघा मुडपला, आतले अस्थिबंध फाटले. तोवर अंगावर खेळाडूंचा ढीग पडला होता. त्या ढिगातून चेंडू घेऊन उठला सिएटलचा मार्शॉन लिंच, आणि पंचांनी चेंडू सिएटललाच बहाल केला.

टीव्हीवर रिप्ले पाहणाऱ्या प्रत्येकाला चेंडू आधी कोणी पकडला ते दिसत होतं. पंचांना मात्र तो रिप्ले बघून निर्णय फिरवण्याची मुभाच नव्हती. गोलरेषा आणि बाजूच्या रेषांच्या आत, मैदानातच सुटलेला चेंडू कोणी मिळवला, हा प्रश्न तेव्हाच्या नियमांत रिप्लेच्या कक्षेबाहेर होता.

हातातून सुटलेला चेंडू, म्हणजे फंबल, दोन्ही संघांपैकी कोणीही उचलू शकतो. मोकळ्यावर निकाल सोपा असतो. ढिगात मात्र पंचांना एकेक खेळाडू बाजूला ओढत तळापर्यंत जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात खाली चेंडूची खेचाखेच चालूच असते. ज्याने आधी ताबा मिळवला, चेंडू त्याचा, हे तत्त्व. पण पंचांच्या नजरेला पडतो तो शेवटी चेंडू हातात असलेला माणूस. माझ्या मते अन्यायाचं मूळ इथेच आहे.

एनएफएलमध्ये रिप्ले १९८६ मध्ये आला, १९९१ च्या हंगामानंतर बंद झाला आणि १९९९ मध्ये परतला. तरीही बऱ्याच चालींत शिट्टीचा शब्द अखेरचा राहिला: शिट्टी झाली की चाल संपली. सप्टेंबर २००८ मध्ये डेन्व्हरचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू) जे कटलर याच्या हातून चेंडू निसटला आणि सॅन डिएगोने तो पकडला. पण पंच एड हॉक्युली यांनी अपूर्ण पास, म्हणजे फेकलेला पण कोणी न झेललेला चेंडू, समजून शिट्टी फुंकली होती. चूक लगेच उमगली, तरी शिट्टीनंतर मिळवलेला चेंडू सॅन डिएगोला देता येईना. डेन्व्हरने सामना ३९-३८ असा जिंकला. हॉक्युलींनी चूक उघडपणे कबूल केली. २००९ मध्ये नियम बदलला: अशा पासची शिट्टी झाली असली तरी लगोलग आणि स्पष्टपणे चेंडू मिळवणाऱ्या संघाला तो रिप्लेनंतर देता येऊ लागला.

बोमनच्या वेळची नियमातली फट मार्च २०१४ मध्ये बुजवली गेली: मैदानात सुटलेला चेंडू कोणी मिळवला, हेही रिप्लेच्या कक्षेत आलं. त्या सामन्यात पुढच्याच चालीत सिएटलच्या हातून चेंडू पुन्हा निसटला आणि सॅन फ्रान्सिस्कोला मिळाला, म्हणून काही जण त्या निर्णयाने फार बिघडलं नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. हक्काचा चेंडू नशिबाने परत मिळणं वेगळं आणि न्यायाने मिळणं वेगळं. सामना सिएटलने २३-१७ असा जिंकला. बोमनला २०१४ चा अख्खा हंगाम बाहेर बसावं लागलं.

नव्या नियमालाही स्पष्ट पुरावा लागतोच. चेंडू ढिगाखाली कॅमेऱ्याआड गेला, तर मैदानावर दिलेला निर्णयच कायम राहतो.