बाहेर काढलेलं मटण पुन्हा फ्रीझरात ठेवावं का? एका नियमाची पार्श्वभूमी

नागपुरात मटण ही साठवायची वस्तू नव्हतीच. रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानापुढे उभं राहायचं, डोळ्यांसमोर तोडून घ्यायचं, दुपारच्या आत ते तर्रीत. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, आजही असंच चालतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या गावाला दुसरं काही परवडणारं नव्हतं. जास्तीचं असलं तर काही घरांत पट्ट्या कापून उन्हात वाळवत, त्या चान्या. पाणीच काढून घेतलं की जंतूंना वाढायला वाव राहत नाही.

गोठवण्यात असं होत नाही. बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि बर्फ सुटला की पुन्हा वाढायला लागतात. फ्रीझरातून काढलं म्हणजे ‘शुद्ध’ झालं, असं समजणारी मंडळी इथेच फसतात.

आजच्या गोठवण्याची गोष्ट कॅनडातल्या लॅब्राडोरपासून सांगतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकी माणूस 1912 पासून काही वर्षं तिथे होता. उणे 40 अंशांच्या थंडीत तिथल्या मूळनिवासी इनुइट लोकांचे मासे बघता बघता दगड होत आणि महिन्यांनी शिजवले तरी ताजे लागत, हे त्याने पाहिलं. झटपट गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. सावकाश गोठलं की मोठे होतात आणि मांसाच्या पेशी फोडतात. त्याच्या झटपट गोठवण्याच्या पद्धतीचा माल 1930 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत आला. घरचा फ्रीझर मात्र सावकाशच गोठवतो. म्हणून दुसऱ्यांदा गोठवलेल्या मटणाला लालसर पाणी सुटतं, तुकडे कोरडे पडतात. ही तक्रार चवीची आहे. पोट बिघडण्याचं कारण वेगळं, पण ‘पुन्हा गोठवू नये’ या एका वाक्यात आपण दोन्ही कोंबून ठेवलं.

भारतात गोदरेजचा फ्रीज 1958 साली आला. मटणाला त्यात जागा मिळायला बराच काळ गेला. काही घरांत अजूनही मिळालेली नाही. एकदाराच्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा फ्रीझरला हव्या त्या उणे 18 अंशांपर्यंत पोचेलच असंही नाही. त्यात या शतकाच्या पहिल्या दशकातलं भारनियमन. कप्प्यातलं मटण अर्धवट सुटायचं, वीज आली की पुन्हा गोठायचं, घरात कुणाला पत्ताही नसायचा.

खरा प्रश्न किती वेळा गोठवलं हा नाही, बर्फ कुठे सुटला हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये अन्नसुरक्षेची पाच सूत्रं मांडली, त्यांत 5 ते 60 अंश हा धोक्याचा, म्हणजे जंतू झपाट्याने वाढण्याचा, पट्टा धरला आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या हिशेबाने कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूरकराने उन्हाळाभर हा दुसराच आकडा धरावा. सकाळी ओट्यावर काढून ठेवलेलं मटण दुपारी परत फ्रीझरात टाकायचं नाही, शिजवायचंही नाही. गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, किंवा मायक्रोवेव्हमध्ये सोडवलं असेल तर ते लगेच शिजवायचं. शिजल्यावर उरलेलं गोठवता येतं.

शनिवारी रात्रीच फ्रीझरातून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवलं, तर बर्फ गारव्यातच सुटतो, मटण धोक्याच्या पट्ट्यात जात नाही. खाली खोल भांडं ठेवलं म्हणजे पाणी सांबारावर (आपल्याकडचा सांबार, कोथिंबीर) सांडत नाही. रविवारी पाहुण्यांचा फोन आला, ‘आज जमत नाही,’ तर ते कच्चं मटण खुशाल परत वर चढवा. तर्री थोडी पातळ होईल, एवढंच.