व्हीएलसीत चालते, टाइमलाइनवर येत नाही: पार्श्वभूमी

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन मिक्सिंगला, म्हणजे एडिटिंगला, आलेला माणूस हमखास म्हणतो, "व्हीएलसीत तर मस्त चालतंय!" तो खोटं बोलत नसतो. प्लेअरला फाइल नुसती पुढे नेत दाखवायची असते. मधल्या चार फ्रेम गळल्या तरी कुणाला पत्ता लागत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअरला मात्र कुठलीही फ्रेम कुठल्याही क्षणी, आवाजासकट अचूक हवी असते. शिवाय व्हीएलसी आपले डिकोडर, म्हणजे दाबून भरलेलं चित्र उलगडणारे भाग, स्वतःच्या पोटात घेऊन हिंडतो. एडिटिंग सॉफ्टवेअर बरीच वर्षं उसनवारीवर चाललं, कधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या, कधी ॲपलच्या क्विकटाइम या प्लेअरच्या. "करप्ट आहे" म्हणून टेबलावर येणाऱ्या पुष्कळ फाइल करप्ट नसतातच. उसनं देणाऱ्याने हात आखडता घेतलेला असतो.

जुना काळ पटकन आटपतो. क्विकटाइम १९९१ चं, मायक्रोसॉफ्टचं एव्हीआय १९९२ चं. १९९५ मध्ये डीव्ही टेप आली. तासाला साधारण १३ जीबी, फायरवायर केबलने कॅप्चर. फाइल आपल्याच मशीनवर जन्माला यायची, म्हणून न उघडण्याची भानगड कमी. तरी एक गोची होतीच: डीव्ही एव्हीआयचे टाइप १ आणि टाइप २. पहिल्यात चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात गुंफलेले, दुसऱ्यात आवाज वेगळा काढून ठेवलेला. नावापुढचं शेपूट दोन्हींना एकच. एका सॉफ्टवेअरने कॅप्चर करून दुसऱ्यात नेलं, की कधी कधी चित्र यायचं आणि मंगलाष्टकं मुकी.

'फॉरमॅट' या शब्दाचा घोळ तेव्हापासूनचा. आपण डब्यालाही फॉरमॅट म्हणतो आणि आत भरलेल्या मालालाही, म्हणजे कोडेकलाही. एमओव्ही हा डबा, त्यात एच.२६४ असेल, प्रोआरेस असेल नाहीतर नव्वदच्या दशकातलं सिनेपॅक. त्यात एमपी४ चा डबा क्विकटाइमच्याच डब्यावरून बेतलेला. त्यामुळे एमओव्हीचं नाव बदलून एमपी४ केलं तर कधी कधी फाइल उघडतेही, आणि करणाऱ्याला वाटतं की 'फॉरमॅट बदलला'.

२००६ मध्ये कार्डवर रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी एव्हीसीएचडी आलं. कार्डवरच्या फोल्डरांच्या उतरंडीतून फक्त एमटीएस फाइली उचलून आणायच्या, हा त्या काळातला आवडता अपराध. तेव्हाचं फायनल कट, म्हणजे ॲपलचं एडिटिंग सॉफ्टवेअर, अशा सुट्या फाइलींकडे बघायचंही नाही. त्याला अख्खं फोल्डर लागायचं. मग २००८ साली फुल फ्रेम डीएसएलआर फुल एचडी व्हिडिओ काढू लागला. माल एच.२६४, डबा एमओव्ही. लग्नाच्या कामाने हा कॅमेरा डोक्यावर घेतला आणि विंडोजच्या मशीनवर, विशेषतः एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांसाठी, क्विकटाइम टाकणं सक्तीचं झालं. प्लेअर म्हणून ते कुणी उघडत नसे. ते नुसतं असावं लागायचं, देवघरातल्या टाकासारखं.

म्हणून एप्रिल २०१६ चा घाव वर्मी लागला. त्या महिन्याच्या १४ तारखेला एका सुरक्षा कंपनीने जाहीर केलं की विंडोजवरच्या क्विकटाइममध्ये दोन गंभीर त्रुटी सापडल्या आहेत आणि मालक कंपनी ॲपल त्या दुरुस्त करणार नाही, कारण विंडोजची आवृत्ती तिने सोडून दिली आहे. पाठोपाठ अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने 'काढून टाका' असा इशारा दिला. जानेवारीत आलेली ७.७.९ हीच शेवटची आवृत्ती ठरली. वापरणाऱ्यांना हे मालकाकडून नव्हे, तिऱ्हाइताकडून कळलं. डाउनलोडचं पान त्यानंतरही बराच काळ तसंच होतं.

दुसऱ्याच दिवशी प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ॲडोबीला कबूल करावं लागलं की त्यांच्या सॉफ्टवेअरचे काही भाग अजून क्विकटाइमवर टेकलेले आहेत. एच.२६४ वाचायला अडचण नव्हती, त्याचा स्वतःचा डिकोडर तयार होता. पण विंडोजवर प्रोआरेसचं काम अजून क्विकटाइमवर अडलेलं होतं, आणि ॲनिमेशन कोडेक आत घ्यायलाही तेच लागायचं, बाहेर काढायलाही. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल. लग्नाच्या लॅबमध्ये ते किरकोळ नव्हतं. अक्षता उधळणारे हात, झेंडूचं तोरण, फिरता कलश असे टायटलचे तुकडे डीव्हीडीवर संचाने मिळायचे. मागची बाजू पारदर्शक हवी, म्हणून त्यातले बरेच ॲनिमेशन कोडेकमध्ये असत. क्विकटाइम काढलं की जुना प्रोजेक्ट उघडल्यावर नवरा-नवरी जागेवर आणि तोरणाच्या जागी लाल 'मीडिया ऑफलाइन'.

विंडोजवरचं क्विकटाइम सोडून देण्याचा ॲपलचा निर्णय बरोबर होता का, यावर अजून वाद होतो. सुरक्षेचं कारण खरं होतं. भोक पडलेलं सॉफ्टवेअर नेटला जोडलेल्या मशीनवर ठेवा, असं कोणी सांगणार नाही. आपलंच जुनं उत्पादन जन्मभर सांभाळायचं बंधनही कुठल्या कंपनीवर नाही. पण पद्धतीचं समर्थन मला जमत नाही. हेच सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या पायाखालची फरशी झालं होतं, आणि ती उपटण्याआधी एक आवाज द्यायला हवा होता. तुलना करायची तर मॅकवर पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटालिना या मॅकच्या नव्या सिस्टिमने ३२ बिट सॉफ्टवेअरचा आधार काढला आणि सिनेपॅक, सोरेन्सनसारखे जुने कोडेक गेले. तिथे फायनल कटने जवळपास सहा महिने आधीच अशा फाइली हुडकून प्रोआरेसमध्ये बदलून द्यायची सोय केली होती. घरच्यांना पूर्वसूचना, शेजाऱ्यांना बातमी.

प्रीमियरने एप्रिल २०१८ मध्ये क्विकटाइम ७ च्या काळातल्या उरलेल्या कोडेकना रामराम ठोकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विंडोजवर प्रोआरेस थेट बाहेर काढता येऊ लागलं. मधल्या काळात अनेकांनी एक जुनी मशीन नेटची वायर काढून कोपऱ्यात ठेवली. माझ्याकडची अजून आहे. विंडोज ७, क्विकटाइम ७, आणि मॉनिटरवर चिकटपट्टी: 'अपडेट करू नये'.

त्यानंतरची धांदल वेगळ्या कारणाने. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आलं आणि नवे आयफोन मुळातच एचईव्हीसीत, म्हणजे एच.२६४ च्या पुढच्या कोडेकमध्ये, शूट करू लागले. या कोडेकच्या पेटंटचे दावेदार एकाहून अधिक गटांत विभागलेले, प्रत्येकाला पैसे हवेत. म्हणून विंडोजमध्ये त्याचा डिकोडर सगळ्यांना फुकट मिळत नाही. स्टोअरमधून किरकोळ किंमत मोजून वेगळा घ्यावा लागतो. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची लिनक्सवरची फुकटची आवृत्ती तर साधं एच.२६४ सुद्धा उघडत नाही. त्यात एचईव्हीसीच्या फाइलवरची चार अक्षरी खूण दोन प्रकारची: एचव्हीसी१ आणि एचईव्ही१. माल तोच, पण दुसरी खूण दिसली की मॅकवरचं क्विकटाइम तोंड फिरवतं. डबा बदलताना खूण बदलली की फाइल उघडते. पुन्हा एन्कोड करावं लागत नाही.

२०२० पासून मिररलेस कॅमेऱ्यांत १० बिट ४:२:२, म्हणजे रंगाचा जास्त तपशील साठवणारं, एचईव्हीसी आलं. ते वाचायची हार्डवेअरची सोय इंटेलच्या ११ व्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये होती, ॲपलच्या एम१ चिपमध्येही होती. एनव्हिडियाच्या महागड्या ग्राफिक्स कार्डांना मात्र ती २०२५ च्या ५० मालिकेपर्यंत नव्हती. लाखभराचं कार्ड बसवून क्लिप अडखळते, ही तक्रार इथली.

फाइल खरोखर अपुरी असण्याचा नेहमीचा प्रकार एक, आणि तिथे व्हीएलसीही हात टेकतो. कॅमेरा रेकॉर्डिंगभर चित्र-आवाज लिहीत जातो. कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका, म्हणजे 'मूव्ह' नावाचा भाग, तो सहसा स्टॉप दाबल्यावर लिहितो. वरातीत बॅटरी संपली किंवा कुणी कार्ड ओढलं, की १० जीबीची फाइल तयार होते आणि अनुक्रमणिका नसते. स्क्रीन रेकॉर्डिंगवाले एमकेव्ही हा वेगळा डबा वापरतात ते याच भीतीने. वीज गेली तरी तोवरचं वाचतं. पण एमकेव्ही एडिटिंग सॉफ्टवेअरला चालेलच असं नाही, म्हणून मग डबा बदलायचा. कॅमेऱ्याच्या अशा अर्धवट फाइलची अनुक्रमणिका नव्याने बांधता येते. त्यासाठी नमुना म्हणून त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक धड क्लिप लागते. ती बहुतेक वेळा त्याच कार्डावर असते, आणि कार्ड आणणाऱ्याने ते आदल्या रात्री फॉरमॅट केलेलं असतं.