दयेपोटी मारलं, म्हणून कोर्ट सोडत नाही

जळगाव-धुळ्याकडे पारावर हमखास ऐकू येतं: ‘खाटेला खिळलेल्याला दयेपोटी सोडवलं तर शिक्षा नाही, 2018 पासून मुभाच आहे.’ साफ चूक. सुप्रीम कोर्टाने तेव्हा निरर्थक उपचार थांबवायला परवानगी दिली, तीही वैद्यकीय मंडळांच्या तपासणीनंतर. उशी दाबणं, विष पाजणं हा खूनच. शिक्षा जन्मठेप किंवा फाशी. 18 वर्षांवरील मरणाऱ्याची खरी संमती सिद्ध झाली तर गुन्हा सदोष मनुष्यवधावर उतरतो. तरी, मारण्याचा हेतू असल्याने, किमान 5 वर्षं.

नैराश्यासारख्या आजाराने मारणाऱ्याचा विवेक खचला असेल तर गुन्हा खुनाहून कमी धरायचा, ही सवलत इंग्लंडच्या 1957 च्या कायद्यातली. तिथे अशा खटल्यात तुरुंगवास कधी स्थगितही होतो. आपल्याकडे ती तरतूदच नाही (असायला हवी, असं माझं मत). इथे आजाराच्या आधारावर सुटायचं तर आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हेच कळत नव्हतं इतका मनोविकार सिद्ध करावा लागतो.