द फ्लॅश (दूरचित्रवाणी मालिका, १९९०–९१)

डीसी कॉमिक्सच्या ‘फ्लॅश’ या अतिवेगवान सुपरहिरोवर बेतलेली अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका. निर्मिती वॉर्नर ब्रदर्स टेलिव्हिजनची होती. सीबीएस वाहिनीने ती २० सप्टेंबर १९९० ते १८ मे १९९१ या काळात प्रक्षेपित केली. डॅनी बिल्सन आणि पॉल डी मेओ या लेखकद्वयाने ती आकाराला आणली. जॉन वेस्ली शिप (बॅरी ॲलन ऊर्फ फ्लॅश), अमांडा पेज (शास्त्रज्ञ टीना मगी) व ॲलेक्स देझेर (हुलिओ मेंडेझ) हे प्रमुख कलाकार. मालिकेचा एकच हंगाम झाला. भागांची संख्या बहुतेक याद्यांत २२ दिली जाते. दोन तासांचा पायलट भाग (मालिकेला मंजुरी मिळण्यासाठी आधी बनवला जाणारा नमुना भाग) स्वतंत्र दूरचित्रपट मानणारे ती २१ धरतात. पायलट हा मालिकेचा पहिला भाग म्हणूनच दाखवला गेल्याने येथे २२ ही संख्या ग्राह्य धरली आहे. याच नावाची २०१४ मध्ये सुरू झालेली मालिका वेगळी. तिचा या मालिकेशी असलेला संबंध शेवटी आला आहे.

मूळ पात्र : फ्लॅश हे एकाच व्यक्तीचे नाव नाही. मालिकेतील नायक नेमका कोणत्या कॉमिक्समधून आला, हा प्रश्न त्यामुळेच उपस्थित होतो. पहिला फ्लॅश जे गॅरिक. लेखक गार्डनर फॉक्स व चित्रकार हॅरी लँपर्ट यांनी त्याला फ्लॅश कॉमिक्सच्या पहिल्या अंकात आणले. अंकावर जानेवारी १९४० अशी तारीख आहे. पण मुखपृष्ठावर पुढची तारीख छापण्याची त्या काळची रीत पाहता अंक १९३९ च्या अखेरीस विक्रीला आला असावा. दुसरा फ्लॅश बॅरी ॲलन. पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या रसायनतज्ज्ञावर वीज कोसळते, अंगावर रसायने सांडतात आणि त्याला अफाट वेग प्राप्त होतो. रॉबर्ट कॅनिघर, जॉन ब्रूम व चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांच्या हातून घडलेले हे पात्र शोकेस नियतकालिकाच्या चौथ्या अंकात अवतरले. या अंकाची तारीख कुठे ऑक्टोबर १९५६, तर कुठे सप्टेंबर–ऑक्टोबर १९५६ अशी आढळते. नियतकालिक द्वैमासिक असल्याने दोन्हींत खरा विरोध नाही. अमेरिकन कॉमिक्सच्या तथाकथित रौप्ययुगाचा, म्हणजे सुपरहिरो-कथांच्या पुनरुज्जीवनाच्या काळाचा, आरंभ या अंकापासून मानण्याची प्रथा आहे. १९८५ मध्ये क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स या मालिकेच्या आठव्या अंकात बॅरी मरण पावला आणि त्याचा शिष्य वॉली वेस्ट तिसरा फ्लॅश झाला.

म्हणजे १९९० मध्ये पडद्यावर धावू लागलेला बॅरी छापील पानांवर पाच वर्षांपूर्वीच मेलेला होता. मालिकेने नाव, पेशा, वीज व रसायने बॅरीची घेतली. परंतु तिचा बराचसा अंतर्भाग वॉलीचा आहे. टीना मगी हे पात्र मुळात माइक बॅरन (लेखक) व जॅक्सन गाइस (चित्रकार) यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या वॉलीच्या कॉमिक्समधले. तिथे ती विवाहित संशोधक आहे, मालिकेत तिला विधवा केले आहे. धावून आल्यावर नायकाला लागणारी प्रचंड भूक हीसुद्धा बॅरनच्या कथांची देणगी. पन्नास-साठच्या दशकांतला बॅरी काळाच्या आरपार धावत असे. बॅरनचा वॉली जेमतेम ध्वनीच्या वेगाच्या आसपास पोहोचतो आणि त्यासाठी शरीराचे मोल मोजतो. दूरचित्रवाणीच्या खर्चाला व कथनाला दुसरा प्रकार सोयीचा होता, हे उघड आहे. तरी निव्वळ सोय एवढेच कारण नसावे. थकणारा, कोसळणारा, भुकेने व्याकूळ होणारा नायक शिपच्या अभिनयाला जो आधार देतो, तो सर्वशक्तिमान बॅरीने दिला नसता. कॉमिक्समध्ये बॅरीचा पोशाख अंगठीत मावतो. मालिकेने ही कल्पना वगळली.

उगमाचा प्रश्न : बॅटमॅन हा चित्रपट २३ जून १९८९ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच्या यशामुळे ही मालिका जन्मली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्याला आधारही भक्कम दिसतो. दोन्हींकडे रात्रीचे, धुरकट, कोणत्याही एका काळात न बसणारे शहर आहे. दोन्हींकडे नायकाच्या अंगावर घडीव स्नायूंचा जाड पोशाख आहे. आणि दोन्हींचे मुख्य संगीत डॅनी एल्फमन यांचे आहे.

कालक्रम मात्र या मताला पूर्ण साथ देत नाही. बिल्सन व डी मेओ यांनी १९८८ च्या सुमारास, म्हणजे चित्रपट येण्याआधीच, डीसीच्या अनेक पात्रांना एकत्र आणणारा ‘अनलिमिटेड पॉवर्स’ नावाचा प्रकल्प योजला होता. सुपरहिरोंवर बंदी आलेल्या भविष्यकाळात तो घडत होता आणि फ्लॅश हे त्यातील एक पात्र होते. तो प्रकल्प बाजूला पडला. पुढे जेफ सगान्स्की सीबीएसच्या मनोरंजन विभागाचे प्रमुख झाले, त्यांनी सुपरहिरोच्या मालिकेत रस दाखवला आणि अनेकांतून एकट्या फ्लॅशची निवड होऊन पायलटला मंजुरी मिळाली. काही अभ्यासक याहून मागे जाऊन इन्क्रेडिबल हल्क (१९७७–८२) व १९८८ मध्ये सुरू झालेली सुपरबॉय या मालिकांशी धागा जोडतात. नायकाला मदत करणारा एखादा शास्त्रज्ञ आणि दर आठवड्याला एक गुन्हा हा साचा हल्कपेक्षाही जुना असल्याने हे मत फारसे निर्णायक वाटत नाही.

उपलब्ध गोष्टी एकत्र ठेवल्या, तर कल्पना चित्रपटाआधीची आणि मंजुरी व पैसा चित्रपटानंतरचा, ही मांडणी अधिक पटते. शहराच्या रूपाबाबतही हेच म्हणता येईल. मालिकेतील सेंट्रल सिटी या काल्पनिक शहरात चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या धाटणीच्या मोटारी आणि १९९० चे संगणक शेजारी शेजारी नांदतात. भिंतींवर प्रचंड चित्रे आहेत. जुन्या काळाची ही ओढ बिल्सन-डी मेओ यांच्या लेखनात इतरत्रही आढळते. १९३८ च्या लॉस अँजेलिसमध्ये घडणाऱ्या द रॉकेटियर (१९९१) या चित्रपटाची पटकथा त्यांचीच, आणि त्या मूळ कॉमिक्सचे कर्ते डेव्ह स्टीव्हन्स यांनी फ्लॅशच्या पोशाखाची रचना केली. पायलटमध्ये बॅरीच्या भावाची भूमिका करणारे टिम थॉमर्सन आणि हवालदार मर्फी झालेले बिफ मॅनार्ड हे दोघेही या लेखकांच्या ट्रान्सर्स या आधीच्या चित्रपटात होते. हा सगळा गोतावळा बॅटमॅनच्या आधीपासूनचा आहे.

पोशाख व दृश्यतंत्र : वाहिनीकडील मंडळींना आरंभी पारंपरिक लाल पोशाख नकोच होता, साध्या व्यायामाच्या कपड्यांत धावणारा नायक त्यांना पुरेसा वाटत होता, असे निर्मात्यांच्या कथनावरून दिसते. लेखकांनी आग्रह धरला म्हणून पोशाख वाचला. स्टीव्हन्स यांच्या रेखाटनावरून रॉबर्ट शॉर्ट यांनी तो प्रत्यक्षात आणला. फोम लॅटेक्सचे स्नायू घडवून ते ताणणाऱ्या कापडावर बसवायचे आणि वरून मखमलीसारखी बारीक लव चढवायची, अशी त्याची पद्धत होती. अशा चार पोशाखांना सु. १,००,००० डॉलर खर्च आल्याचे सांगितले जाते. फोम हवा आत येऊ देत नाही आणि घाम शोषून जड होतो. त्यामुळे दिव्यांखाली तासन्‌तास तो घालून वावरणे शिप यांच्यासाठी मोठी शारीरिक परीक्षा होती. कथेत या पोशाखाचे मूळ मोठ्या कल्पकतेने दिले आहे : खोल समुद्रातील दाब सहन करण्यासाठी सोव्हिएत बनावटीचा जो प्रायोगिक सूट टीनाकडे असतो, तोच बॅरीच्या कामी येतो, कारण साधे कपडे त्याच्या वेगाने फाटतात व जळतात.

वेग दाखवण्यासाठी मालिका तीन जुन्या-नव्या युक्त्या मिसळते. खोली आवरण्यासारख्या घरगुती प्रसंगांत कॅमेरा सावकाश चालवून चित्रण केलेले दिसते. पडद्यावर फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने धावते. चित्रण १२ चौकटींनी केले, तर हालचाल दुप्पट वेगाची भासते. रस्त्यावरच्या धावण्यासाठी लाल रंगाचा लांब पट्टा नंतर चित्रावर चढवला आहे. तिसरी युक्ती सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक : नायक दिसतच नाही, उडतात ते कागद, पडदे आणि गुंडांच्या हातांतली हत्यारे. या युक्तीवर मालिकेचा खरा हात बसला आहे.

एल्फमन यांच्या मुख्य धूनीखेरीज भागांचे पार्श्वसंगीत शर्ली वॉकर यांचे. बॅटमॅन चित्रपटाच्या संगीताचे वाद्यवृंदसंचालन त्यांनीच केले होते. साप्ताहिक मालिकेसाठी सिंथेसायझरवर भागवण्याच्या त्या काळात त्यांनी वाद्यवृंदासाठी लिहिले. त्यांचे हे काम मालिकेच्या चर्चेत अजूनही उपेक्षित राहिले आहे, ते तसे राहू नये. पुढे १९९२ मध्ये सुरू झालेल्या बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकेचे संगीत त्यांच्याकडे गेले.

कथा व खलनायक : पायलटमध्ये पोलीस अधिकारी असलेला भाऊ जे याचा खून होतो. खुनी निकोलस पाइक (मायकेल नेडर) हा मोटारसायकलस्वारांच्या टोळीचा म्होरक्या. त्याला पकडण्यासाठी बॅरी प्रथम पोशाख चढवतो. कॉमिक्समधील प्रेयसी आयरिस वेस्ट (पॉला मार्शल) पायलटनंतर कथेतून निघून जाते. सुरुवातीचे भाग टोळ्या, लाचखोर पोलीस व बेफाम प्रयोगांचे आहेत. वेशधारी खलनायक उत्तरार्धात येतात. हॉवर्ड चेकिन व जॉन फ्रान्सिस मूर हे कॉमिक्सच्या जगातले लेखक मालिकेच्या लेखकवर्गात होते. मूळ पात्रांकडे वळण्यात त्यांचा वाटा असावा. ७ फेब्रुवारी १९९१ च्या भागात मार्क हॅमिल यांचा ट्रिकस्टर अवतरला आणि शेवटच्या भागात परतला. हसता हसता एकदम क्रूर होणारा हा ट्रिकस्टर मालिकेतील सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा ठरला. बॅटमॅनच्या ॲनिमेशन मालिकेतील खलनायक जोकर याचा आवाज हॅमिल यांना नंतर मिळाला, त्याची बीजे येथे आहेत, असे अनेकदा म्हटले जाते. ती निवड या भूमिकेमुळेच झाली असे ठामपणे म्हणणे धाडसाचे होईल; साम्य मात्र कानाला स्पष्ट जाणवते. कॅप्टन कोल्ड (मायकेल चँपियन) व मिरर मास्टर (डेव्हिड कॅसिडी) यांना एकेकच भाग मिळाला. १९५५ पासून गोठून राहिलेल्या खलनायकाचा व त्याच्या जुन्या, आता वृद्ध झालेल्या प्रतिस्पर्धी नाइटशेडचा ‘घोस्ट इन द मशीन’ हा भाग लेखकांच्या गतकाळप्रेमाचा उत्तम नमुना होय.

समाप्ती : पायलटवर सु. ६० लाख आणि पुढे दर भागावर सु. १६ लाख डॉलर खर्च झाल्याचे आकडे प्रचलित आहेत. एवढ्या खर्चाला साजेशी प्रेक्षकसंख्या जमवायला मालिकेला मिळालेली वेळ मात्र प्रतिकूल होती. गुरुवारी रात्री आठला एनबीसी या प्रतिस्पर्धी वाहिनीवर द कॉस्बी शो होता. ११ ऑक्टोबर १९९० पासून फॉक्सने द सिंप्सन्स त्याच वेळेला आणून ठेवली. लहान मुले, तरुण आणि एकत्र बसून टीव्ही पाहणारी कुटुंबे हा फ्लॅशचा अपेक्षित प्रेक्षक त्या दोघींत वाटला गेला. मालिका काही आठवड्यांनी अर्ध्या तासाने पुढे सरकवण्यात आली. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाल्यावर बातम्यांमुळे तिचे प्रक्षेपण विस्कळीत झाले आणि अखेरचे भाग शनिवारवर गेले. मालिका नेमकी कधी लागते हेच प्रेक्षकाला सांगता येईनासे झाले. खर्च, स्पर्धा व वेळांतील फेरफार यांपैकी कशाला किती दोष द्यावा याविषयी मते भिन्न आहेत. येथे वेळांतील फेरफाराला अधिक वजन दिले आहे, कारण उत्तरार्धातील भाग दर्जाने पूर्वार्धापेक्षा सरस असूनही ते पाहायला प्रेक्षक उरला नव्हता. दुसरा हंगाम मंजूर झाला नाही.

उत्तरकाल : ट्रिकस्टरचे दोन भाग जोडून व्हिडिओ कॅसेटवर चित्रपटासारखे विकले गेले. सबंध मालिका जानेवारी २००६ मध्ये डीव्हीडीवर आली. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी सीडब्ल्यू वाहिनीवर सुरू झालेल्या नव्या द फ्लॅश मालिकेत शिप बॅरीचे वडील हेन्री ॲलन झाले, पुढे जे गॅरिकही. अमांडा पेज यांची शास्त्रज्ञ टीना मगी, देझेर यांचा हुलिओ मेंडेझ आणि हॅमिल यांचा म्हातारा ट्रिकस्टरही त्याच नावांनी परतले. २०१८ च्या ‘एल्सवर्ल्ड्स’ या कथामालेत शिप पुन्हा लाल पोशाखात, १९९० चा बॅरी म्हणूनच दिसले. १० डिसेंबर २०१९ रोजी क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स याच नावाच्या दूरचित्रवाणी कथेच्या तिसऱ्या भागात या बॅरीने नव्या मालिकेतील फ्लॅशऐवजी स्वतः धावून प्राण दिले. १९८५ च्या कॉमिक्समधले बॅरीचे मरण असे पडद्यावर या मालिकेच्या नायकाच्या वाट्याला आले, आणि त्या क्षणी जुन्या मालिकेतील टीना व बॅरीचे एक दृश्य दाखवले गेले.